येकाब्स कझाक्स आणि दिवाळीनंतरचा वर्ग

चित्रकलेच्या मास्तराला परदेशी चित्रकारांची नावं विचारा, तो ठरलेली पाच-सहा सांगेल. लिओनार्दो, व्हॅन गॉग, पिकासो, झालंच तर मोने. ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, कलेचा इतिहास याच वाटेने शिकवतात आणि परीक्षेपुरता तो पुरतोही. लाटव्हिया नावाच्या देशाचा त्यात कुठे पत्ता नव्हता. तो नकाशात शोधायची वेळ आली ती भाच्यामुळे.

भाचा शिरपूरचा. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाला रीगाला गेला. हिवाळ्यात तिथे दुपारी पावणेचारच्या सुमारास दिवस मावळतो म्हणे. सुटीच्या दिवशी खोलीत बसून करायचं काय, म्हणून तो तिथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात शिरला. चित्रांची आवड वगैरे काही नाही. आत ऊब असते हे खरं कारण, त्यानेच सांगितलं. तिथून त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका चित्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हाई देख. आपला कोयतावालाच शेतस ना?"

चित्राचं नाव 'निर्वासित'. साल १९१७. चित्रकार येकाब्स कझाक्स.

मी फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. भलं मोठं उभं तैलचित्र. माणसं एकमेकांना खेटून, चौकटभर. मागचा देखावा म्हणावा असा जवळजवळ नाहीच. रंग मातकट, राखाडी, तपकिरी. एखादा रंग उठून दिसेल म्हणावं तर चित्रकाराने तोही दाबून टाकलेला. चेहरे लाकडात कोरल्यासारखे, ठोकळेबाज, पण प्रत्येक वेगळा. आणि कोणीही रडत नाही. हात पसरलेले नाहीत, वर आभाळाकडे बघणं नाही. निर्वासितांचं चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं काहीच यात नाही. माणसं ताठ आहेत. दमलेली आहेत, पण ताठ.

भाच्याला कोयतावाले का आठवले ते मला लगेच कळलं. आमच्या भागात, म्हणजे शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यात, दिवाळी झाली की गाड्या भरायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला गुजरातेत ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं बरोबर. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला आणि पडावावर भाकरी टाकायला उपयोगी पडते, म्हणून ती आधी शाळेतून जाते. माझ्या वर्गात दिवाळीच्या सुटीआधी बाकं भरलेली असतात आणि सुटीनंतर मधूनमधून रिकामी. हंगामी वसतिगृह असतं, काही पोरं राहतात. पण बरीच जातात. होळीला काही घरं परत येतात, काठी गावच्या होळीला तर येतातच, आणि होळी झाली की उरलेला हंगाम पुरा करायला पुन्हा जातात.

तर हा येकाब्स कोण?

जन्म रीगाचा, फेब्रुवारी १८९५. तेव्हा लाटव्हिया देश नव्हता, रशियन साम्राज्याचा तुकडा होता. १९१३ मध्ये तो रीगाच्या शहर कलाशाळेत दाखल झाला. संचालक होते विल्हेल्म्स पुर्वीतिस, बर्फाची आणि वसंतातल्या वितळत्या पाण्याची चित्रं काढणारे मोठे निसर्गचित्रकार. शाळा चांगली, मास्तर चांगले. सगळं रीतसर चाललेलं. आणि १९१५ मध्ये जर्मन फौजा कुर्झेमे प्रांतात घुसल्या.

त्या वर्षी जे झालं ते वाचताना मी दोनदा आकडे तपासले. लाखो लाटव्हियन घरंदारं सोडून पूर्वेकडे, रशियाच्या आतल्या भागात निघाले. गाड्यांवर सामान, मागे बांधलेली गाय, रस्त्याच्या कडेला पुरलेली माणसं. रीगातले मोठमोठे कारखाने यंत्रांसकट उचलून आगगाड्यांत भरून नेले. रेल्वेचे डबे आणि मोटारी बनवणारा रुसो-बाल्टसुद्धा. युद्धाआधी पाच लाखांवर वस्ती असलेलं शहर १९२० च्या शिरगणतीत दोन लाखांच्या आत आलेलं दिसतं. आपल्या धुळ्यातून किंवा जळगावातून दर तीन माणसांमागे दोन निघून गेली, तर उरलेल्या एकाला गाव गाव वाटेल का?

येकाब्सही त्यातच गेला. मॉस्कोच्या आग्नेयेला पेन्झा नावाचं गाव आहे, तिथल्या कलाशाळेत त्याने १९१५ ते १९१७ शिक्षण घेतलं. रीगाचे त्याचे मित्रही तिथे होते: कोनराड्स उबान्स, वोल्डेमार्स तोने. सगळे विशीतले, सगळे घराबाहेर. तिथेच १९१६ मध्ये त्याने 'तीन आया' काढलं आणि पुढच्या वर्षी 'निर्वासित'. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण चित्र समजायचं तर हे समजलं पाहिजे. तो निर्वासितांची चित्रं काढायला गेलेला चित्रकार नव्हता. तो निर्वासित होता आणि त्याला चित्र काढता येत होतं. बाहेरून गेलेल्या माणसाला आधी फाटके कपडे दिसतात, मग डोळ्यातलं पाणी, मग पोराचं उघडं अंग. तो जे पहिल्यांदा पाहतो तेच काढतो, त्यात त्याचा दोष नाही. पण गर्दीतच उभा असलेला माणूस शेजाऱ्याचा सदरा बघत बसत नाही. त्याला माहीत असतं हा कोण, कुठल्या गावचा, याचं घर केवढं होतं, हा किती हेकट. म्हणून येकाब्सची माणसं दया मागत नाहीत. ती आपापली आहेत.

आमच्याकडे ऊसतोडीवर फोटो काढायला लोक येतात. मोठे कॅमेरे घेऊन, चांगल्या मनाने. फोटो छापून येतात, त्यात उसाच्या पाचटात झोळी टांगलेली असते आणि झोळीत बाळ. खोटं काहीच नसतं त्यात. तरी ते फोटो मी वर्गात लावत नाही. ज्या पोरीचा भाऊ त्या झोळीत वाढला तिला ते दाखवून मी काय सांगणार?

उलट एक गंमत सांगतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीला मी स्मरणचित्राचे विषय देतो: बाजार, बसस्थानक, पाणवठा, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. पोरं बाजार काढतात तो कुणाच्या तरी गाईडमधून उतरलेला असतो. भाजीवाली, छत्री, तराजू, मागे डोंगर, दोन डोंगरांत सूर्य, वर चार कावळे. सातपुडा खिडकीतून दिसत असताना ही पोरं त्रिकोणी डोंगर काढतात! एका वर्षी विषय दिला 'प्रवास'. बाकीच्यांनी आगगाडी काढली; ज्यांनी ती फक्त दोंडाईच्याला पाहिली त्यांनीसुद्धा. तळोद्याकडच्या एका मुलीने ट्रक काढला. ट्रकसुद्धा पुरता नाही, नुसता मागचा फाळका आणि त्यावर माणसं. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसं. आभाळ नाही, रस्ता नाही, झाड नाही. फाळक्याच्या बाहेर सुतळीने बांधलेला हंडा, आणि हंड्यात उलटी खोचलेली पळी. एका बाईच्या काखेत टोपली, टोपलीवर फडकं, फडक्यातून कोंबडीची नुसती मान. माणसांचे चेहरे तिला नीट जमले नव्हते, म्हणून तिने सगळ्यांना सारखं नाक दिलं होतं. पण डोक्यावरचे रुमाल प्रत्येकाचे वेगळे बांधलेले. तो कागद माझ्याकडे आहे. येकाब्सचं चित्र पाहिलं तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला. दोघांनाही मागचा देखावा लागला नाही.

युद्धातून पळणं आणि उचल फेडायला जाणं एक नव्हे, हे मलाही कळतं. कुर्झेमेच्या माणसाच्या मागे तोफा होत्या, आमच्या माणसाच्या मागे मुकादमाची वही आहे. शिवाय आमची माणसं दरवर्षी जातात आणि दरवर्षी येतात. म्हणून तर त्याची बातमीही होत नाही.

येकाब्सबद्दल सांगायचं तर दुसऱ्या एकाबद्दल सांगावंच लागतं. याझेप्स ग्रोस्वाल्ड्स. हा १८९१ चा, येकाब्सपेक्षा चार वर्षांनी मोठा. बाप रीगातला नामांकित वकील, पैशाला तोटा नाही. म्युनिकला शिकला, मग पॅरिसला राहिला. १९१४ मध्ये युद्ध लागल्यावर परत आला, तरुण चित्रकारांना जमवलं, पॅरिसमध्ये काय चाललंय ते त्यांना सांगितलं. त्या टोळक्याला त्यांनी नाव दिलं होतं 'हिरवं फूल'. उबान्स आणि तोने त्यातलेच. निर्वासित हा विषय आधी ग्रोस्वाल्ड्सने हातात घेतला, मग लाटव्हियन रायफलवाल्या पलटणीत भरती होऊन खंदकातल्या शिपायांची चित्रं काढली. साधे आकार, मोजके रंग, फापटपसारा नाही, ही वाट त्याने दाखवली आणि येकाब्स त्यावरून पुढे गेला. माझं मत विचाराल तर येकाब्सचं चित्र जास्त जड आहे. ग्रोस्वाल्ड्सचा हात सफाईदार, पण तो थोडा दुरून पाहतो.

१९१८ मध्ये हा ग्रोस्वाल्ड्स ब्रिटिश सैन्याबरोबर मेसोपोटेमिया आणि इराणात पोचला, हे वाचून मी चकित झालो. बगदाद, उंट, बाजार, ओसाड डोंगर यांची त्याने जलरंगात चित्रं केली. मेसोपोटेमियाच्या त्या आघाडीवर ब्रिटिशांच्या फौजेत मोठा भरणा आपल्याकडच्या पलटणींचा होता, आणि त्या बोटीत बसल्या त्या मुंबईहूनही. कुणास ठाऊक, त्याच्या एखाद्या चित्राच्या चौकटीबाहेर एखादा मराठा शिपाई बिडी ओढत बसलाही असेल. असो. पुढे ग्रोस्वाल्ड्स पॅरिसमध्ये लाटव्हियाच्या वकिलातीत कामाला लागला, आणि १ फेब्रुवारी १९२० ला तिथेच स्पॅनिश फ्लूने गेला. वय अठ्ठावीस. आपल्याकडे त्याच साथीला मानमोडी म्हणायचे. आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, की एकाला पोचवून येईपर्यंत घरात दुसरा गेलेला असायचा.

तोवर येकाब्स रीगात परतला होता. १८ नोव्हेंबर १९१८ ला लाटव्हियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण खरी लढाई त्यानंतर दीड-दोन वर्षं चालली. राज्यं बदलत होती, खायला धड नव्हतं, आणि ही पोरं गट स्थापन करत होती. आधी १९१९ मध्ये अभिव्यक्तिवाद्यांचा गट, मग त्यातूनच 'रीगा कलावंत गट'. येकाब्स त्याचा पहिला अध्यक्ष. १९२० च्या वसंतात त्यांचं पहिलं प्रदर्शन रीगाच्या शहर संग्रहालयात भरलं. संग्रहालयाची ती इमारत १९०५ ची. म्हणजे ती उघडली तेव्हा येकाब्स दहा वर्षांचा होता. आणि ही तीच इमारत जिथे माझा भाचा ऊब शोधत शिरला.

प्रदर्शनावर जुन्या मंडळींनी जो राग काढला तो मला फार आवडला. ही वाकडी नाकं, हे चौकोनी गुडघे, याला काय चित्र म्हणायचं? त्यांनी काय करावं! राइनहोल्ड्स कास्पार्सोन्स नावाचा एक चित्रकारच बनवला, अस्तित्वात नसलेला. त्याच्या नावाने 'आधुनिक' चित्रं स्वतःच रंगवली आणि थेट प्रदर्शन भरवलं, लोकांनी या नव्या पोरांना हसावं म्हणून. यात रिहार्ड्स झारिन्शसारखा नाणावलेला माणूस होता, ज्याच्या नक्षीचं कौतुक आजही होतं. तरुणांनी अर्थातच गदारोळ केला. आपल्याकडे कलाशिक्षकांच्या मेळाव्यात जलरंगवाले आणि अमूर्तवाले जेवणाच्या पंगतीतही वेगळे बसतात, ते पाहिलेल्याला या भांडणाचं नवल वाटणार नाही. पण इतकी मेहनत घेऊन कोणी खोटा चित्रकार उभा करत नाही. तेवढा दम आमच्यात नाही.

त्या शेवटच्या वर्षातली येकाब्सची चित्रं वेगळीच आहेत. समुद्रकाठच्या स्त्रिया, पोहणाऱ्या बाया, मित्रांची व्यक्तिचित्रं. आकार आणखी टोकदार, पण रंग उजळलेले आणि किंचित मिश्कीलपणा आलेला. 'निर्वासित' काढणाऱ्या माणसाकडून लोकांना पुढेही निर्वासितच हवे असतात. त्याने ते दिले नाहीत. युद्ध संपत आलं होतं, समुद्र जवळ होता, त्याला बाया आणि ऊन काढावंसं वाटलं. मला त्याची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

११ ऑगस्ट १९२० ला रशियाशी तह झाला आणि देशात शांतता आली. ३० नोव्हेंबरला येकाब्स क्षयाने गेला. पंचवीस पूर्ण. क्षयावरची बी.सी.जी. लस माणसाला पहिल्यांदा दिली गेली ती १९२१ मध्ये, पॅरिसला. औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. आमच्या धडगाव भागात अजून क्षयाचे रोगी निघतात, पण आता गोळ्या असतात, आशाताई घरी येऊन त्या घेतल्या का विचारतात. पंचवीस वर्षांचा पोरगा उपचाराविना जायचं कारण उरलेलं नाही.

एकाच वर्षात फेब्रुवारीत एक गेला आणि नोव्हेंबरात दुसरा. उरलेल्यांनी गट चालू ठेवला, तो पुढे बरीच वर्षं टिकला. मित्रांचं आयुष्य वाचलं की वाटतं, येकाब्स जगला असता तर कुठल्या वाटेला गेला असता? उबान्स १९८१ पर्यंत जगला, म्हातारा होऊन रीगाच्या कडेकडेचे देखावे काढत राहिला. तोने दुसऱ्या महायुद्धात देश सोडून अखेर लंडनला वारला. याच वर्तुळातला अलेक्झांडर द्रेविन्श मॉस्कोत स्थायिक झाला, नाव कमावलं, आणि १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला गोळी घातली. मायदेशात, परदेशात किंवा गोळी. त्या पिढीला याहून वेगळ्या वाटा फारशा नव्हत्या.

चित्रं मात्र राहिली, आणि याचं मला जास्त नवल वाटतं. दोन महायुद्धं, तीन-चार राजवटी, आणि तरी ती बहुतेक रीगातच आहेत, एका इमारतीत, लोक ऊब घ्यायला शिरतात तिथे. असं सगळ्यांच्या नशिबी नसतं. भुसावळला मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. १८४४ पासून या माणसाने अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या, वर्षानुवर्षं, ताप-मलेरिया अंगावर काढत. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. गिल पुन्हा कामाला लागला आणि १८७९ मध्ये वारला. माझ्या ओळखीतल्या किती भुसावळकरांनी ती कबर पाहिली आहे? फारच थोड्यांनी. रीगाकरांनी जे केलं ते काही जादू नव्हे. भिंत, छप्पर, वही आणि वहीत नोंद करणारा एक पगारी माणूस, एवढंच लागतं. आमच्या जिल्ह्यात तेवढंही नाही. परीक्षेला गेलेली पोरांची चित्रं परत येत नाहीत आणि वर्गातली दर उन्हाळ्यात रद्दीत जातात. मी माझ्यापुरती लोखंडी कपाटात काही ठेवतो. तिथे वाळवी लागत नाही, पण कपाट एकच आहे.

'निर्वासित'ची मोठी प्रिंट काढून मी चित्रकलेच्या वर्गात लावली. दोंडाईच्याच्या फ्लेक्सवाल्याने छापून दिली, त्याने आधी विचारलं, "सर, कुणाची पुण्यतिथी?" कडांना त्याने हौसेने सोनेरी चौकट टाकली होती, ती कापून काढावी लागली.

पोरांना मी आधी काहीच सांगितलं नाही. आठवीच्या एकाने पहिला आक्षेप घेतला तो रंगांवर. आम्ही एवढे कमी रंग वापरले तर तुम्ही म्हणता चित्र अर्धवट ठेवलं, मग याला कोणी कसं काही म्हटलं नाही? मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्याला यांचं गाव कुठलं ते हवं होतं. मी नकाशा काढून रीगा ते पेन्झा दाखवलं. हजार किलोमीटरच्या वर, हे ऐकून एकजण म्हणाला, मग आपलं बारडोली तर जवळ आहे.

मग वाद लागला तो वेगळ्याच गोष्टीवर. ही माणसं चालताहेत का उभी आहेत? निम्मा वर्ग म्हणे चालताहेत, निर्वासित म्हणजे चालणारच. बाकीचे म्हणे फोटोला उभी आहेत. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी दिवाळीनंतर क्वचितच असते आणि त्या वर्षी वसतिगृहात राहिली म्हणून होती, ती म्हणाली, "सर, गाडी यायची आहे अजून. गाडी यायच्या आधी असंच उभं राहतात." वर्ग तिच्या बाजूने झाला. मी अजूनही चालताहेत याच मताचा आहे, आणि भाच्याला सांगून ठेवलंय, पुन्हा संग्रहालयात गेलास तर त्यांचे पाय नीट बघून ये.